मालतीअक्कांचा थाईम

घर बघायला गेले तेव्हा मालतीअक्कांनी मला ना आडनाव विचारलं, ना नोकरी. दारातच उभं केलं, जरा पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, “कपडे खोलीतच वाळवतेस होय?”

मी तेव्हा कोरमंगलाला एका पीजीत राहत होते. एका खोलीत तिघीजणी आणि खिडकीच्या गजांना बांधलेली एक दोरी. पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला येऊन मला आठ महिने झाले होते, आणि आपल्या कपड्यांना कुबट वास येतो हे त्या आठ महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

“इथं गच्ची आहे. वर उन्हात वाळवायचे. सरी?”

“सरी,” मी म्हणाले. सरी म्हणजे ठीक, तेवढं कन्नड मला येत होतं. बसवनगुडीतली ती वरची खोली मला मिळाली.

खाली अक्का एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा प्रसाद आणि सून केतकी व्हाइटफील्डला एका मोठ्या सोसायटीत राहायचे. तिथून इथं यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जायचा, म्हणून ते दोघं रविवारी यायचे, तेही एकाआड एक. अक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत होते. पानांची मूठ नाकाशी धरून ते पान कुठल्या गावच्या रानातलं ते सांगायचे म्हणे. अक्कांच्या बोलण्यात निपाणीची मराठी आणि बेंगळुरूचं कन्नड असं मिसळून गेलं होतं की आपण कुठला शब्द कुठल्या भाषेत बोलतो ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. “स्वल्प थांब की गं” हे त्यांचं दिवसातून दहा वेळा व्हायचं.

लग्न होऊन इथं आल्यावर त्या एका उदबत्तीच्या कारखान्यात लागल्या, काड्या मोजून पुडे बांधायला. एक दिवस पुडा बांधता बांधता शेजारच्या बाईला म्हणाल्या, आजच्या मालात चंदन कमी आहे. मुकादमानं ऐकलं, चौकशी केली, आणि खरंच कमी निघालं. तेव्हापासून त्यांना आत घेतलं. तीस वर्षं त्यांनी तिथं वास बघण्याचं काम केलं. ‘वास बघणे’ हा त्यांचाच शब्द. वास कुणीही घेतो, म्हणायच्या. वास बघावा लागतो.

एकदा मालकांच्या मेव्हण्यानं कुठूनसं तेल आणलं होतं. अक्कांनी बाटली उघडून परत ठेवली आणि म्हणाल्या, यात रॉकेल आहे. मेव्हणा भडकला. मालकांनी मध्ये पडून विचारलं, “अक्का, थोडं जमवून घेता येईल का?” त्या म्हणाल्या, “सर, मी जमवून घेईन. नाक नाही घेणार.” त्यांना पुन्हा पुडे बांधायला बसवलं. सहा महिन्यांनी माल परत यायला लागला तेव्हा मालक स्वतः त्यांना आत बोलवायला आले. ही गोष्ट सांगताना अक्का कधीच फुशारल्या नाहीत. “मी काय करणार? आला वास, तर आला म्हणायचं. नाही आला, तर नाही.” इतकंच.

थाईम त्या कारखान्यातूनच आला. कुणीतरी तो घालून नवी उदबत्ती करायचं ठरवलं होतं, त्यासाठी नमुन्याची रोपं आणली होती. उदबत्ती काही जमली नाही. देवघरात लावली तर ओव्याची पुरी तळल्यासारखं वाटायचं, अक्का सांगायच्या. रोपं कचऱ्यात जायची होती, त्यातलं एक त्यांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. घरामागे दक्षिणेच्या भिंतीलगत चार हात लांब वाफा होता, त्यात लावलं. मी राहायला गेले तेव्हा तो अख्खा वाफा थाईमचा झाला होता. सगळा त्या एका रोपाच्या काड्यांपासून केलेला.

मला थाईम म्हणजे पिझ्झ्याबरोबर पुडीतून मिळणारं काहीतरी, एवढंच माहीत होतं. अक्कांनी एक काडी खुडून माझ्या तळहातावर चुरडली. “काय येतंय?”

“ओवा?”

“ओव्याची सावत्र बहीण. ओवा तोंडावर बोलतो. ही मागनं येते. आता परत बघ. ओव्याच्या मागं काय आहे?”

मला मागं काही दिसेना. “लिंबू,” अक्का म्हणाल्या. “आणि त्याच्या मागं उन्हात तापलेली माती. येईल तुला. घाई नाही.”

त्या वाफ्याचे नियम होते. माती अर्धी आणि वाळू-खडी अर्धी. शेणखत नाही, लाड नाही. पाणी बोट खुपसून कोरडं लागलं तरच. कापणी सकाळी, दंव उडाल्यावर आणि ऊन चढायच्या आत. कळ्या धरायला लागल्या की फुलायच्या आधी कापायचं, तेव्हा वास सगळ्यात भरलेला असतो. तो दिवस अक्का नाकानं ठरवायच्या. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन वाफ्याकडे जायच्या, तळवा रोपांवरून नुसता फिरवायच्या, हुंगायच्या आणि म्हणायच्या, “नाही अजून.” असं चार-पाच दिवस. मग एक दिवस पेला कठड्यावर ठेवून कात्री मागायच्या.

आणि सगळ्यात मोठा नियम कात्रीचा. हिरवं आहे तिथंच कापायचं. खाली तपकिरी, जून झालेलं लाकूड असतं, त्यावर कात्री लावायची नाही. तिथून परत फूट येत नाही. “हे झाड माफ करतंय,” त्या सांगायच्या, “पण तेवढं नाही करत.”

कापलेल्या काड्यांच्या जुड्या सुतळीनं बांधून मागच्या पडवीत उलट्या टांगायच्या. आठवडाभर सगळं घर त्या वासानं भरलेलं असायचं. वाळल्यावर पानं ओरबाडून बरण्यांत. एक बरणी गांधी बाजारातल्या बेकरीवाल्याला जायची, तो पावात घालायचा. एक केतकीला. एक मला. अक्का स्वतः ताकात घालायच्या, थालीपिठात घालायच्या, खोकला आला की काढ्यात घालायच्या. 

पहिल्याच वर्षी मी तो वाफा जवळजवळ मारला. अक्का एका लग्नासाठी पाच दिवस निपाणीला गेल्या होत्या आणि जाताना म्हणाल्या होत्या, “थाईमकडं बघू नकोस.” एप्रिल होता. मला त्या बारक्या पानांची दया आली. मी रोज सकाळ-संध्याकाळ नळी लावून पाणी घातलं. अक्का परत आल्या, पिशवी हातातच होती, मागच्या दारात थांबल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “कुजलं.”

मला तर सगळं हिरवंगार दिसत होतं. त्यांनी एक रोप उपटलं. मुळं काळी, चिकट. माझ्या नाकाशी धरलं. “आता तरी येतंय?”

आलं. साचलेल्या गटारासारखं.

“कशाला घातलंस?”

“सुकेल असं वाटलं, अक्का. ऊन केवढं होतं.”

“प्रेम करायला गेलीस होय?” त्या ओरडल्या नाहीत, पण मला वाटलं ओरडल्या असत्या तर बरं. “याला प्रेम नको गं. ऊन पाहिजे.”

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली. पायरीवर वाळू भरलेला कुंडा होता आणि वाफ्यात वाचलेल्या रोपांच्या चार-चार बोटांच्या काड्या. खालची पानं काढून काडी वाळूत कशी रोवायची ते त्यांनी दाखवलं. आम्ही साठ काड्या लावल्या. तीन आठवड्यांनी त्यांतल्या एक्केचाळीस धरल्या. “बघ,” अक्का म्हणाल्या, “माफ केलं.” 

त्यानंतर दोन वर्षं बरी गेली. मग तो तापाचा उन्हाळा आला, ज्यात गल्लीतलं एकही घर सुटलं नाही.

आम्ही दोघी एकाच आठवड्यात आजारी पडलो. मी वर, अक्का खाली. प्रसाद यायचं म्हणत होता, पण रस्ते बंद होते, त्याला येऊ दिलं जात नव्हतं. आम्ही जिन्यात ओरडून एकमेकींची चौकशी करायचो. पाचव्या दिवशी मला साबणाचा वास येईना. मी अक्कांना ओरडून सांगितलं. खालून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. “माझाही गेलाय.”

माझा बाराव्या दिवशी परत आला. कांदा चिरत होते आणि एकदम आला. मी आनंदानं खाली धावले. अक्का स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर डबे मांडलेले होते. हिंग, कापूर, ओवा, कॉफीची पूड. झाकणं सगळ्यांची उघडी.

“आला अक्का माझा!”

“छान झालं,” त्या म्हणाल्या आणि एकेक झाकण लावत गेल्या.

डॉक्टर म्हणाले, येईल. कुणाला महिना लागतो, कुणाला सहा. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास घ्या, मनात आणा, नाक शिकेल पुन्हा. अक्कांनी ते कारखान्यातल्या शिस्तीनं केलं. सकाळी अंघोळ झाली की पाटावर बसायचं. लिंबू, लवंग, कापूर आणि थाईम. प्रत्येकाला मनात वीस आकडे मोजून वेळ द्यायचा. डोळे मिटलेले. मी ऑफिसला जाताना दारातून बघायची. त्यांचा चेहरा असा असायचा, जसं कुणीतरी दुसऱ्या खोलीतून बोलतंय आणि शब्द कळत नाहीयेत.

“आज?” मी विचारायची.

“काही नाही.”

जेवण तुटलं. “तोंडात कापूस चावतेय,” म्हणायच्या. खारट-गोड तेवढं कळायचं, बाकी सगळं एकच. आधी स्वतःसाठी नीट करायचं सोडलं; मला अधूनमधून द्यायच्या, पण फोडणी करपली तरी कळायचं नाही. एकदा त्यांनी मला नासलेली आमटी दिली. मी दोन घास खाल्ले, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटी उचलून मोरीत ओतली. त्यानंतर त्यांनी मला काही दिलं नाही. ब्लाउज सैल झाले, नवे शिवून घेतले, तेही सैल झाले.

सात महिन्यांनी एके सकाळी खालून जोरात हाक आली. “मुक्ता! येतंय काहीतरी!” मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. त्यांच्या हातात थाईमची काडी होती. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“काय येतंय अक्का?”

“तार जळल्यासारखं. प्लॅस्टिक. घाण आहे गं ही.” त्यांनी काडी लांब धरली. “तू बघ.”

मी वास घेतला. ओवा, लिंबू, आणि त्याच्या मागे तापलेली माती. मला आता ते सगळं यायचं.

“कसं येतंय तुला?”

“नेहमीसारखं.”

डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय, चुकीचं का होईना, येतंय. पण पुढचे पाच महिने कॉफी, कांदा, साबण, सगळ्यांचा एकच वास यायचा त्यांना, जळक्या तारेचा. आणि थाईमचा सगळ्यात जास्त. मागचं दार त्यांनी बंद करून घेतलं. वारा आला की खिडकी लावायच्या. ज्या वासासाठी त्या रोज सकाळी पेला घेऊन उभ्या राहायच्या तो आता त्यांना स्वतःच्या घरात धरवेना. आणि मग एक दिवस ती घाणही गेली. पुन्हा काहीच नाही.

“घाण होती तेव्हा बरं होतं,” अक्का म्हणाल्या. “काहीतरी होतं.”

त्यांच्या यजमानांची पुण्यतिथी त्याच महिन्यात यायची. त्या दिवशी अक्का पेटीतून त्यांचा लोकरी कोट काढायच्या. काकांना तपकिरीची सवय होती आणि कोटाच्या खिशाच्या शिवणीत ती अजून होती. वर्षातून एकदाच कोट उघडायचा, म्हणजे वास उडत नाही, असा त्यांचा हिशेब. त्या वर्षी मी वरून खाली आले तेव्हा कोट मांडीवर होता आणि त्या त्याचा खिसा उलटा करून नाकाशी धरून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी कोट माझ्याकडे सरकवला.

“बघ गं. आहे का अजून?”

होता. कडू, थोडा गुलाबासारखा. मी सांगितलं.

“आहे ना? नक्की?”

“आहे अक्का. शप्पथ.”

“मग झालं,” म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या. बाही तीनदा घातली, तीनदा उलगडली. मग तशीच ठेवून मला म्हणाल्या, “आता ते तुला येतात. मला नाही.”

तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले. म्हणजे व्हायचा प्रयत्न केला. वाफ्याकडे त्या मला न्यायच्या, तळवा फिरवायला लावायच्या. “काय येतंय?”

“छान येतंय.”

“छान हा वास नाही. नीट सांग. ओवा पुढं आहे का लिंबू?”

“ओवा.”

“किती पुढं? कालच्यापेक्षा?”

मला कालचा आठवत नसायचा. त्या मान हलवायच्या. रागावायच्या नाहीत, आणि तेच वाईट होतं, कारण पूर्वी रागावल्या असत्या. मी ठरवलेल्या दिवशी एकदा कापणी झाली. पडवीत जुड्या टांगल्या. वाळल्यावर बेकरीवाल्याला बरणी पाठवली, तर त्यानं निरोप पाठवला की या खेपेला जोर कमी आहे. मी एक आठवडा आधीच कापायला लावलं होतं, कारण नंतर मला रजा नव्हती.

पुढच्या खेपेला तर मी नव्हतेच. ऑफिसनं दीड महिना हैदराबादला पाठवलं. फोनवर अक्का म्हणायच्या, “सगळं सरी आहे, तू काम बघ.” मी परत आले तेव्हा वाफा जांभळा झाला होता. सगळा फुलला होता. माश्या घोंगावत होत्या. मला ते सुंदर दिसलं आणि मी तसं म्हणणारच होते.

“गेला हंगाम,” अक्का मागून म्हणाल्या. “फुलं डोळ्याला दिसली तेव्हा कळलं मला. डोळ्याला! बाजारातल्या गिऱ्हाईकासारखं.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मला कात्रीच्या आवाजानं जाग आली. गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. अक्का वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या आणि कापत होत्या. हिरव्यात नाही, खाली, बुडाशी. मुठीत रोप धरायचं, कात्री मातीला टेकवायची आणि दोन्ही हातांनी दाबायची. जून लाकूड कटकन तुटत होतं. अर्धा वाफा झाला होता.

“अक्का! अहो, लाकूड आहे ते!” मी वरून ओरडले.

त्यांनी वर पाहिलं. “मला माहीत आहे की.”

मी धावत खाली पोचेपर्यंत आणखी चार रोपं गेली होती. मी कात्री धरली. त्यांनी सोडली नाही. दोघींचे हात एकाच कात्रीवर होते.

“राहू द्या ना. मी बघेन. मी काड्या लावीन परत.”

“कुणासाठी?”

त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळुवारपणे, लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं तशी, आणि उरलेला वाफा पुरा केला. तासभर लागला. मी पायरीवर बसून होते. कापलेल्या थाईमचा एवढा वास मी कधी घेतला नव्हता. शेजारच्या घरातली बाई भिंतीवरून डोकावून विचारती झाली, “काय सुवास येतोय अक्का, काय केलंत?” सगळा पाला त्यांनी पोत्यात भरला आणि कचऱ्याच्या गाडीला दिला.

बुंधे तसेच राहिले. मी महिनाभर रोज बघायची, एखादं तरी हिरवं टोक येईल म्हणून. आलं नाही. माझ्यासमोर त्या दिवशी एवढ्या काड्या होत्या, लावीन म्हणालेही होते, पण एक तरी उचलून ठेवायची, ते मला त्या तासाभरात सुचलं नाही. ते अजून मला खातं.

त्यानंतर गॅसचं झालं. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले. फाटक उघडतानाच वास आला. आत अक्का भाजी निवडत बसल्या होत्या, टीव्ही चालू होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस सुरू होता. किती वेळ, कुणाला माहीत. त्या देवापुढं दिवा लावायला उठतच होत्या, काडेपेटी हातात होती. मी ती ओढून घेतली, दारं-खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून बाहेर अंगणात आणलं. त्यांना काय झालंय तेच कळेना. कळलं तेव्हा त्या तुळशीजवळच्या दगडावर बसल्या.

“काडी ओढली असती तर,” म्हणाल्या. “तू पण गेली असतीस.”

प्रसाद त्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेला. वाद झाला नाही. मला वाटलं होतं अक्का नाही म्हणतील, त्यानंही ओठांवर शंभर कारणं तयार ठेवली होती. त्या फक्त म्हणाल्या, “सरी.” दोन पेट्या, देव, आणि तो कोट. गाडीत बसताना मागं वळून घराकडे पाहिलं नाही, वाफ्याकडे तर नाहीच. प्रसादनं मला वर राहायला सांगितलं, पण खालचं घर बंद झाल्यावर माझंही तिथं मन लागेना. दोनेक महिन्यांत मी ऑफिसजवळ राहायला गेले.

व्हाइटफील्डला मी एकदाच गेले. वाटेत एका मोठ्या दुकानात भाजीच्या थंड कपाटात प्लॅस्टिकच्या डबीत थाईम दिसला. मी घेतला. घ्यावा की नाही हा विचार डबी पिशवीत टाकल्यावर सुचला.

घर चौदाव्या मजल्यावर होतं. अक्का बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. माझ्याकडे पाहून हसल्या, बस म्हणाल्या, पुण्याला आई बरी आहे का विचारलं. केतकी चहा घेऊन आली. चांगली मुलगी. आमच्याशी बोलता बोलता ती अक्कांच्या पायांवर शाल सारखी करत होती.

“आई रोज सकाळी अजून ते वास घेतात, थाईम सोडून बाकीचे,” ती मला म्हणाली. “मीच मांडून देते. प्रसादपण ऑफिसमधून फोन करून विचारतो, आज काही आलं का?” मग तिला माझ्या पिशवीतली डबी दिसली. “अय्या, थाईम! आई, बघा मुक्तानं काय आणलंय! हा तर तुमचा! याचा येईल कदाचित. घ्या ना.”

मला थांबवता आलं नाही. तिनं डबी उघडून एक काडी अक्कांच्या हातात दिली आणि त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. अक्कांनी काडी दोन बोटांत चुरडली, नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ. केतकी श्वास रोखून बघत होती.

“येतोय गं,” अक्का म्हणाल्या.

“काय?”

“थोडा. पण येतोय. ओवा येतोय.”

केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं अक्कांना मिठी मारली आणि प्रसादला फोन करायला आत पळाली. आतून तिचा आवाज येत होता, “अरे आला! आईंना आला!” अक्कांनी डोळे उघडले. मी डबीतली एक काडी उचलून चुरडली. त्यात काही नव्हतं. फ्रिजमधल्या पाण्याचा वास, बस. ती काडी कधीच मेलेली होती.

अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

“काही येत नाही ना त्यात?” हळूच विचारलं त्यांनी.

मी मानेनंच नाही म्हटलं.

“मला वाटलंच. पानं थंडगार लागली हाताला.” मग आतल्या दाराकडे बघत म्हणाल्या, “दोघं रोज विचारतात गं. सकाळी ती, दुपारी तो. रोज तोंड पडतं त्यांचं. दोन वर्षं झाली. आता विचारणार नाहीत.”

तीस वर्षं ज्यांनी कुणासाठी नाक जमवून घेतलं नाही त्या मालतीअक्का हे बोलल्या आणि चहाचा कप उचलून प्यायला लागल्या. केतकी फोन घेऊन बाहेर आली. “प्रसाद विचारतोय, अजून काय येतंय?” अक्का फोनमध्ये म्हणाल्या, “लिंबू पण येतंय रे स्वल्प.”

निघताना त्या लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. केतकी आत स्वयंपाकाला लागली होती, आज आईंच्या आवडीचं करते म्हणत. अक्का म्हणाल्या, “जपून जा. आता ट्रॅफिक असेल.” लिफ्ट आली. मी आत शिरले, वळले.

दार सरकायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी दिसेनाशी झाले. त्यांनी तीच दोन बोटं, ज्यांत काडी चुरडली होती, परत एकदा नाकाशी नेली. डोळे मिटले. तशाच उभ्या राहिल्या. मग पदरानं बोटं पुसली, नीट, एकेक करून. दार बंद झालं.